अर्धा गुण

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हटलं, की ऐकणारा हमखास विचारतो, ‘म्हणजे कुणीच जिंकलं नाही?’ आज या बरोबरीची बाजू मांडायची आहे.

समजा, मीरा-भाईंदरमधल्या एखाद्या सोसायटीचा हॉल. रविवारची सकाळ. आठवडाभर विरार लोकलमध्ये लोंबकळणारे दोन हौशी खेळाडू पटावर बसलेत. साठेक चाली झाल्यात. पांढऱ्याकडे उरलाय राजा, पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट आणि दोन प्यादी. त्यांतलं एक अगदी उजव्या कडेचं. काळ्याकडे राजा आणि घोडा. बघ्यांच्या लेखी डाव संपला.

पण काळा खेळाडू घोडा देतो, आतलं प्यादं मारतो आणि कडेच्या प्याद्यासमोरचा कोपरा राजाने गाठतो. आता गंमत बघा. प्याद्याला वजीर व्हायला तोच कोपरा हवा, आणि ते घर आहे काळं. पांढऱ्या घरांतल्या उंटाचा तिथे काही उपयोग नाही. पांढऱ्याने फारच दाबलं, तर काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. म्हणजे बरोबरीच! बरोबरीचा हा अर्धा गुण नशिबाने पदरात पडलेला नाही. अंत्यडावाच्या अभ्यासाने कमावलेला आहे.

याउलट, समोरचा तगडा आहे म्हणून बाराव्या चालीलाच हात पुढे करणं, ही भित्री बरोबरी. बरोबरीचं विचारायलाही रीत आहे. आधी आपली चाल करायची, मग विचारायचं आणि मग घड्याळ दाबायचं. सारखं विचारून समोरच्याला हैराण करणं नियमात बसत नाही.

मोठ्या पटावरही हेच. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, मग निकालासाठी खेळलेला पहिला जलद डावही बरोबरीत. दुसरा जलद डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. आधीचे तीन अर्धे गुण राखले नसते, तर तो डाव आलाच नसता.

तेव्हा पालकांनो, मूल बरोबरी करून घरी आलं, तर ‘जिंकला का नाहीस?’ असं लगेच विचारू नका. चाली लिहिलेला कागद मागा, पट मांडा आणि शेवटच्या दहा चाली त्याच्याकडूनच समजून घ्या.