जुनी पेटी, नवा माल



संगणकाला आज्ञा देण्यासाठी माणूस जी भाषा लिहितो, ती त्या यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. तो म्हणजे कंपायलर. शाळेत आपण सर्वांनी वाक्यपृथक्करण केलेले आहे. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, विस्तार कोणाचा, हे आपण शोधीत असू. कंपायलर प्रथम हेच करतो. त्यातून जी शाखा-उपशाखांची आकृती निघते, तिला आपण वाक्यवृक्ष म्हणू.

आता अडचण पाहा. सी प्लस प्लस भाषेतील मोठ्या कामात शेकडो फायली असतात आणि त्यांतील बहुतेक फायली आरंभी त्याच त्या सामायिक घोषणा ओढून घेतात. म्हणजे त्याच हजारो ओळींचे पृथक्करण पुनःपुन्हा होते, आणि तोवर काम करणारा हात बांधून बसतो. मग एकदा तयार झालेला वृक्ष साठवूनच का ठेवू नये?

साठवावा, पण कसा? स्मृतीत असताना वृक्षाची एक फांदी दुसरीकडे पत्त्याने बोट दाखविते, आणि उद्या तो पत्ता राहीलच असे नाही. २००४ साली जीसीसी या कंपायलरने स्मृतीचा तुकडाच जसाच्या तसा उतरवून, पुढे त्याच जागी परत आणण्याचा मार्ग धरला. तेव्हा ती जागा मिळाली नाही, तर साठवण निकामी होई!

दुसरा मार्ग जुना वाडा उतरविणाऱ्या सुताराचा आहे. तो प्रत्येक खांबावर, तुळईवर आकडा घालतो. 'बारावी तुळई सातव्या खांबावर' अशी नोंद करतो. मग वाडा कोठेही उभा राहतो. क्लँग या कंपायलरने हाच मार्ग घेतला. पत्त्याऐवजी प्रत्येक घोषणेला आणि प्रकाराला क्रमांक दिला.

या नोंदी ठेवण्यासाठी नवी पेटी मात्र घडविली नाही. क्लँग ज्या एलएलव्हीएम प्रकल्पाचा भाग आहे, तो २००० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी आरंभिला. आडवे हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. त्या प्रकल्पापाशी आपली मध्यस्थ भाषा साठविण्याची बिटप्रवाहाची पेटी तयार होती. तिच्यात लहान आकडे थोड्या बिटांत मावतात, वारंवार येणाऱ्या नोंदी संक्षेपाने लिहिता येतात, आणि नको तो कप्पा न उघडता पुढे जाता येते. क्लँगने तीच पेटी घेतली आणि जे नाव लागेल तेवढीच घोषणा बाहेर काढण्याची सोय केली. २०१४ साली आलेल्या स्विफ्ट भाषेनेही आपल्या मोड्यूलांसाठी तीच वापरली.

येथवर हिशेब फायद्याचा आहे. पण श्रोतेहो, पेटीला बिटे कळतात, वृक्ष कळत नाही. प्रत्येक जातीच्या फांदीसाठी लिहिणारा आणि वाचणारा, असे दोन्ही भाग वेगळे तयार करावेच लागतात. लिहिणाऱ्याने एक आकडा वाढविला आणि वाचणारा ते विसरला, की त्या नोंदीतील पुढचा सारा अर्थ सरकतो.

याहून मोठी गोष्ट वचनाची. एलएलव्हीएमची मध्यस्थ भाषा जुन्या आवृत्तीने साठविली असली, तरी नव्याने ती वाचावी, असा त्या प्रकल्पाचा शिरस्ता आहे. क्लँगच्या वाक्यवृक्षाला हे वचन नाही. ज्या आवृत्तीने तो लिहिला, तिनेच तो वाचावा. कंपायलर बदलला की साठवण पुन्हा करावी. पेटी एकच, वचने दोन! पेटी ओळखीची दिसली म्हणून जो तिच्यावर वर्षानुवर्षांचा ठेवा सोपवील, त्याची फसगत ठरलेली. मूळ लेखन जपावे. वृक्ष हा केवळ वेळ वाचविणारा साठा आहे.

पूर्वसूरींचे काम पुन्हा वापरण्यात कमीपणा नाही; उलट तेच शहाणपण आहे. मात्र त्यांचे साधन उसने मिळते, त्यांची जबाबदारी उसनी मिळत नाही. ती प्रत्येकाने आपली आपणच उचलावी लागते.