छात्राध्यापकाचे पहिले आठवडे
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हणालो, अहो, मी बँकेतला कारकून. स्लिपा तपासणे, पासबुक भरून देणे, संध्याकाळी रोख जुळवणे हे माझे काम. शिक्षणावर बोलायला एखादे प्राध्यापक बोलवा. त्यावर ते म्हणाले, "आपल्या अभ्यासिकेतील चार-पाच मुलेमुली यंदा डी.एल.एड.ला आहेत. थोड्याच दिवसांत ती शाळेत शिकवायला जाणार. त्यांना व्याख्यान नको आहे. वर्गात पहिल्यांदा उभे राहिल्यावर काय होते ते सांगणारा माणूस पाहिजे. तुम्ही डी.एड. केलेले आहे, हे आम्हाला ठाऊक आहे." हे खरे असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

मी 1997 साली कला शाखेतून बारावी झालो आणि डी.एड.ला लागलो. त्या काळात आमच्या वस्तीत डी.एड. म्हणजे नोकरी, असा सरळ हिशेब होता. दोन वर्षांचा खर्च, मग जिल्हा परिषदेची शाळा. तो हिशेब माझ्या बाबतीत चुकला. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, महिना 3000 रुपये मानधन, तेही निवड झाली तर. माझी झाली नाही. पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, बँकेची परीक्षा दिली आणि काउंटरच्या आत जाऊन बसलो. ही कथा इथेच सोडतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती घडलेली आहे.

सांगायचे आहे ते 1998 च्या पावसाळ्यातले. अध्यापक विद्यालयात आधी सूक्ष्म अध्यापन असते. वर्गातले आपलेच मित्र सात वर्षांची मुले होऊन समोर बसतात आणि आपण त्यांना पाच-सहा मिनिटे शिकवतो. मित्र शहाणे असतात, विचारले की बरोबर उत्तर देतात, म्हणून आपल्याला वाटते, जमले. मग टाचणवही येते. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थीकृती. त्या उजव्या रकान्यात मी रात्री कंदिलाजवळ बसून मुलांची उत्तरे आधीच लिहून ठेवीत असे. "विद्यार्थी उत्साहाने उत्तर देतील", असे एक वाक्य तर मी प्रत्येक पाठात घातले होते.

आम्हाला मराठवाड्यातील एका गावची शाळा मिळाली. दोन खोल्या, पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, खाली बस्करपट्ट्या. हजेरीपटावर बेचाळीस नावे, समोर सव्वीस मुले. बाकीची कुठे, असे विचारले तर कोणी शेळ्यांमागे, कोणी धाकट्या भावाला सांभाळायला. त्या वेळी ज्याची हजेरी 80 टक्के त्याला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळत, त्यामुळे हजेरीपट ही साधी वही नव्हती. घरची चूल तिच्यावर अवलंबून होती. मला ते समजायला बरेच दिवस लागले. मी मात्र खडूची नवी पेटी आणि रंगीत तक्ते घेऊन गेलो होतो.

पहिल्या पाठात खडू तीनदा मोडला. फळ्यावरची माझी ओळ डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे पार खाली घसरली. दहा मिनिटांत टाचण संपले आणि तासिकेची पंचवीस मिनिटे शिल्लक राहिली. एकाने विचारले, "सर, एकीला जाऊ?" मी हो म्हणालो. मग नऊ जण उठले. हसू नका, तुमच्याही वर्गात उठतील. पहिल्या आठवड्यात मी फक्त पुढच्या दोन ओळींना शिकवीत होतो, हेही मला नंतर कळले. नवीन माणूस जी मुले त्याच्याकडे पाहतात त्यांच्याचकडे पाहतो. भिंतीला टेकलेली मुले त्याला दिसत नाहीत. घसा बसला, म्हणून हळू बोलू लागलो, तर मुले ऐकू लागली. असल्या गोष्टी आपोआप सुधारतात. सव्वीस नावे चेहऱ्यांसकट पाठ झाली की निम्मा गोंगाट कमी होतो. या चुकांचे भय बाळगू नका.

भय बाळगण्यासारखी चूक निराळी होती. ती करताना मला ती चूक वाटलीच नाही.

गावापासून सुमारे किलोमीटरवर बंजारा तांडा होता. तिथली सहा-सात मुले गावच्या शाळेत येत. त्यांतली एक पहिलीतली मुलगी, सहा वर्षांची. नाव सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यात माझा स्वरांचा पाठ होता आणि निरीक्षणाला अध्यापक विद्यालयातून एक अध्यापक येऊन मागे खुर्चीवर बसले होते. मी तक्ता लावला. आ, खाली बाळाला घेतलेल्या बाईचे चित्र. त्या मुलीला उभे केले आणि विचारले, "हे कोण?" ती स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, "याडी."

गावातली मुले खो खो हसली. मीही थोडा हसलो. म्हणालो, "याडी नाही. आई. म्हण, आई." ती गप्प. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून म्हणालो. ती खाली बसली. गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. बाजारात ऐकलेले होते. पण माझ्या टाचणवहीच्या उजव्या रकान्यात "आई" लिहिलेले होते.

पाठ संपल्यावर वहीवर शेरा मिळाला : चूक दुरुस्ती चांगली. त्या दिवशी मी अर्धे गाव चालत आनंदाने खोलीवर गेलो.

ती मुलगी त्यानंतर वर्गात बोलली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ महिनाभर. रोज यायची, भिंतीकडच्या टोकाला बसायची, पाटी ओल्या फडक्याने पुसत राहायची. विचारले की मान खाली. आम्हाला वर्गाची यादी करायची होती. तिच्या नावापुढे मी "अप्रगत" लिहिले.

मित्रहो, हे मी इथे का सांगतो? मी स्वतः "आनी, पानी, कोन" म्हणणाऱ्या घरातला. तिसरीत असताना मला ओट्यावर उभे करून "ण" वीस वेळा म्हणायला लावले होते आणि सगळा वर्ग हसला होता. ते मी आजही विसरलेलो नाही. तरीही वीस वर्षांचा झाल्यावर, हातात खडू आल्यावर, मी तेच केले. आपण सोसलेले आहे म्हणजे दुसऱ्याचे सोसणे आपल्याला आपोआप कळते, असा माझा समज होता.

वर्गाच्या मूळ शिक्षिका एक वयस्क बाई होत्या. त्यांची नोकरी बरीच झालेली. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. एकदा मधल्या सुट्टीत एवढेच विचारले, "सर, त्या पोरीचं उत्तर चुकलं होतं का?" मी म्हणालो, पाठ आ चा होता. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. तुमचा पाठ आ चा होता. तिची आई मात्र य ची आहे." आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

पुढच्या रविवारी त्या मला तांड्यावर घेऊन गेल्या. त्या मुलीच्या आईने चहा केला. आणि ती मुलगी! आमच्या वर्गातली मुकी मुलगी ती हीच का, असे मला वाटले. भावाशी भांडत होती, म्हातारीला काहीतरी सांगत होती, तोंडाला खळ नव्हता. संध्याकाळी शेळ्या आल्या. तिने दारात उभे राहून बोटाने मोजल्या. सत्तावीस. एक कमी होती म्हणून ओरडली, आणि खरोखरच एक मागे राहिली होती. शाळेत तिला वीसपर्यंत अंक येत नाहीत, असे मी लिहून ठेवले होते. मी आता रोज रोख मोजतो. फरक निघाला की कुठे निघाला ते शोधायला आम्हाला कधी रात्रीचे आठ वाजतात. त्या पोरीला जागच्या जागी कळले होते.

सोमवारी बाईंनी स्वतः पाठ घेतला आणि मला मागे बसवले. त्यांनी अक्षरापासून सुरुवात केली नाही. दोन्हीकडे सारखेच असलेले शब्द घेतले, पाणी, घर. मुलांनी म्हटले, मग फळ्यावर लिहिले, मग त्यातले घ आणि र सुटे केले. नंतर तक्त्यापाशी गेल्या. आमच्या तक्त्यावर "य यज्ञाचा" होते. होमकुंडाचे चित्र. त्या वर्गातल्या एकाही मुलाने यज्ञ पाहिलेला नव्हता, गावातल्याही नाही आणि तांड्यावरच्याही नाही. बाईंनी त्या चित्रावर कोरा कागद चिकटवला, त्यावर बाई आणि बाळ काढले आणि लिहिले, "य याडीचा". गावातली मुले यावेळीही हसली, पण निराळे हसली. त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. ती मुलगी काही बोलली नाही. पण पाटीवर तिने "या" काढला. काना थोडा लांब गेला होता.

त्यानंतरचे दोन आठवडे माझे सर्वांत चांगले गेले. ती हळूहळू बोलू लागली. भाकरीला बाटी म्हणतात हे तिने मला शिकवले आणि मी चुकीचे म्हटले की दुरुस्तही करी. माझी "चूक दुरुस्ती" माझ्यापेक्षा ती चांगली करीत होती. "अप्रगत" हा शब्द मी खोडला. दिवाळीनंतरच्या टप्प्यात तिला वाचायला आणायचे, असे मनात ठरवून सुट्टीत गावी गेलो.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा तांड्यावरच्या मुलांपैकी एक जण उरला होता, तो आजीजवळ. बाकीची बिऱ्हाडे ऊसतोडीला गेली होती. कोयता एकदा हलला की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परत येत नाही. त्याआधीच माझा सराव संपला. जे चार आठवडे तिला वाचायला पुरले असते, ते मी तिला गप्प बसवण्यात घालवले होते. ती आता तिशी ओलांडून गेली असेल. तिला वाचता येते की नाही, मला माहीत नाही. काउंटरवर एखादी बाई स्लिप पुढे सरकवून "शाई द्या" म्हणते, अंगठा पुढे करते, तेव्हा मी नकळत तिच्या वयाचा अंदाज करतो.

महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांचे मास्तर शेतकरी वर्गातून, शिकवून तयार केलेले असावेत, अशी मागणी आहे. ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, हे त्यामागचे कारण. सावित्रीबाईंनीसुद्धा शिकवण्याआधी शिकवण्याचे शिक्षण घेतले होते, अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे. आपल्याकडे 1848 हे साल सर्वांना पाठ असते, हे प्रशिक्षण मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणि 1855 साली मुक्ता साळवे या त्यांच्या शाळेतल्या मुलीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. तो निबंध वाचताना मला नेहमी वाटते, या मुलीला पहिल्या दिवशी वर्गात कोणी हसले असते आणि शिक्षकही हसला असता, तर पुढे काय झाले असते?

तुमचा काळ आमच्यापेक्षा बरा आहे, हे कबूल केले पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे लिहिलेले आहे. मारण्याला बंदी आहे. 2014 च्या नियमांनी शाळेतील आंतरवासिता किमान 20 आठवड्यांची केली. आम्हाला मिळाले त्याहून ते पुष्कळ आहे. परंतु कायदा वर्गाच्या दारापर्यंत येतो. आत टाचणवही असते, आणि तिचा उजवा रकाना अजून आदल्या रात्रीच भरला जातो, असे मी ऐकतो.

माझी पुतणी सध्या डी.एल.एड. करते आहे. तिचीही आंतरवासिता पहिलीच्या वर्गावर चालू आहे. माझी ही हकिगत तिने लहानपणापासून दहा वेळा ऐकली आहे, कंटाळा येईपर्यंत. गेल्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "काका, आज मी मुलांना विचारलं, घरी आईला काय म्हणता? फळ्यावर लिहीत गेले. आई, माय, मम्मी, अम्मी, बय, याडी. सगळे ओरडत होते, एका पोराने तर आजीचंही सांगितलं. आणि निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी वहीत शेरा दिला, विषयांतर."

मी विचारले, मग तू काय केलेस?

"शेऱ्याखाली सही केली," ती म्हणाली. "पण फळा पुसला नाही. उद्या तिथूनच सुरू करणार आहे. काका, बय मधला ब घेऊ का आधी, का याडीतला या?"

त्यावर आम्ही दोघे रात्री साडेअकरापर्यंत बोलत होतो.

जय भीम.