एकरकमी पैशाची ओढ



लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते, तेव्हा तिचे वाटे आधीच ठरलेले असतात. कृषी केंद्राची उधारी, पीककर्जाचा हप्ता, सावकाराचं व्याज. मजुराला पैसा रोज मिळतो, पण तो संध्याकाळी किराणा दुकानातच राहतो. खर्च मात्र एकदम अंगावर येतात: पोरीचं लग्न, दवाखाना, बोअर, लातूर-नांदेडच्या क्लासची फी. एवढी रक्कम रोजंदारीतून उभी राहत नाही, आणि नेमकी तीच मटक्याची चिठ्ठी कबूल करते. म्हणून जुगाराला नुसता लोभ म्हणणं मला पटत नाही. ज्याचं पीकच पावसाच्या भरवशावर आहे, त्याला आकड्यावर भरवसा ठेवणं फार वेगळं वाटत नाही.

हा मटका मुंबईचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर तिथे सट्टा लागायचा. ते भाव येणं बंद झालं, तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगतने आणि १९६४ साली रतन खत्रीने आकडे काढायला सुरुवात केली. कापसावरचा सट्टा असा कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात येऊन रुजला, हे मला फार लागतं.

मटक्याचा हिशेब एकदा नीट मांडू या. शून्य शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर जोड्या. एका रुपयाला नव्वद, हा नेहमीचा भाव. शंभर जणांनी वेगवेगळ्या जोड्यांवर एकेक रुपया लावला, तर एकाला नव्वद मिळतात आणि दहा बुक्कीकडे राहतात. नव्वदवाला गावभर सांगतो, नव्व्याण्णव जण घरी गप्प बसतात. शिवाय जिंकलेले नव्वदही पुन्हा आकड्यावरच लागतात. दिवसाचा बाजार संपला की रात्रीचा असतोच.

आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. त्यात अड्डा चालवणाऱ्याबरोबर खेळणाराही गुन्हेगार. मग शेतातल्या आखाड्यावर पत्त्यांवर तिरटचा डाव मांडून बसलेले दहा जण पकडले जातात. जामीन, वकील, दंड यांसाठी त्यांच्या घरात नवं कर्ज होतं. ज्याच्याकडे मटक्याच्या सगळ्या चिठ्ठ्यांचा पैसा पोचतो, तो अशा आखाड्यावर कधी नसतोच.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायदा केला. त्याची दिशा मला योग्य वाटते. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाराही सुटत नाही, आणि बँकेलाही असे व्यवहार करण्याची मनाई आहे. मटक्याच्या कायद्यातही हाच क्रम यायला हवा: आधी बुक्की, त्याचं खातं, त्याची मालमत्ता. सीमेवर मात्र एवढ्यानं भागणार नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर हे तालुके तेलंगण आणि कर्नाटकाला लागून आहेत. जुगार हा राज्यांचा विषय, त्यामुळे हद्द ओलांडली की कायदा बदलतो. तिन्ही राज्यांच्या पोलिसांनी एकत्र काम केल्याशिवाय तिथे काही साधणार नाही.

कायद्याबरोबर एकरकमी पैशाचाही प्रश्न सोडवावा लागेल. बचत गटातून आजारपणासाठी दोन दिवसांत दहा हजार मिळाले, तर आकड्याची गरज थोडी कमी होते. म्हणून बँकांनी गटांना कर्ज देताना हात आखडू नये.

आणि एक गोष्ट बायांच्या हातात द्यायला हवी. आपल्या राज्यात गावातलं परवान्याचं दारू दुकान महिलांच्या मतदानाने बंद करता येतं. मटक्याच्या टपरीला परवानाच नाही, म्हणून तिच्यावर मतदानही नाही. तेव्हा ग्रामसभेत महिलांनी ठराव करावा आणि पोलीस ठाण्याने ठरलेल्या मुदतीत काय कारवाई केली ते पुढच्या ग्रामसभेत लेखी सांगावं, असा नियम सरकारने करावा. उत्तर आलं नाही, तर तो ठराव थेट पोलीस अधीक्षकांकडे जावा.