लाइव्ह जाण्याआधी



‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ सॉफ्टवेअरच्या कुठल्याही ऑफिसात हे वाक्य सारखं कानावर पडतं. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लॅपटॉपवर प्रोग्राम खरंच चालत असतो. पण तोच प्रोग्राम पतसंस्थेच्या काउंटरवर अडतो आणि रांगेतल्या सभासदाला रिकाम्या हाताने परतावं लागतं. असं का होतं, याबद्दल आज बोलायचं आहे. प्रोग्रामर मंडळींनी हे ऐकावंच, पण ज्यांच्या संस्थेचा कारभार दुसऱ्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यांनीही जरूर ऐकावं.

सॉफ्टवेअरची तीन ठिकाणं असतात: जिथे ते लिहिलं जातं ते डेव्हलपमेंट, जिथे तपासलं जातं ते टेस्ट, आणि जिथे खरी माणसं खऱ्या पैशांचे व्यवहार करतात ते प्रॉडक्शन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ‘लाइव्ह’. टेस्ट ही रंगीत तालीम आहे. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा सगळं प्रयोगातलंच असेल, तरच ती तालीम कामाची.

आपल्या भाषेतलंच उदाहरण घेऊ. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल या डेटाबेसचं आठवं व्हर्जन आहे. संस्थेच्या सर्व्हरवर मात्र जुनं व्हर्जन, आणि त्यातलं सभासदांचं टेबल ‘लॅटिन वन’ या युरोपीय लिपीच्या अक्षरसंचात बनवलेलं. आठव्या व्हर्जनच्या आधी तोच संच आपोआप लागू व्हायचा. लॅपटॉपवर ‘ज्ञानेश्वर’ हे नाव छान साठवलं जातं, छान दिसतं. लाइव्हवर डेटाबेसची कडक तपासणी बंद असेल, तर नाव साठवताना कसलीही एरर येत नाही आणि पासबुकावर मात्र ओळीने दहा प्रश्नचिन्हं छापून येतात. दहा, कारण काना, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्तही संगणक वेगळा मोजतो. ती नावं नंतर त्या प्रश्नचिन्हांतून परत मिळवता येत नाहीत. सभासदांना अर्ज घेऊन पुन्हा बोलवावं लागतं.

वेळेचंही तसंच. लॅपटॉपला भारतीय वेळ, क्लाउडमधल्या सर्व्हरला बहुधा जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे साडेपाच तास मागे. 1 एप्रिलच्या पहाटे तीन वाजता झालेला व्यवहार सर्व्हर 31 मार्चला, रात्री साडेनऊला नोंदवतो. प्रोग्राममध्ये ही वेळ बदलून घेतलेली नसेल, तर तो व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. मग ऑडिटमध्ये ताळमेळ शोधत बसायचं.

हे फरक येतात कुठून? काही पहिल्या दिवसापासूनच असतात. पण माझ्या मते सर्वांत घातक फरक नंतर, हाताने केलेल्या दुरुस्त्यांतून शिरतात. रात्री अकराला फोन येतो की लाइव्ह बंद पडलंय. कुणीतरी थेट सर्व्हरवर लॉगिन करून एक सेटिंग बदलतं. काम चालू होतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ती दुरुस्ती टेस्टवर कुणी करत नाही आणि कुठे लिहूनही ठेवत नाही. अशा चार-सहा रात्री गेल्या की टेस्ट आणि लाइव्ह यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

हाताने केलेल्या कामातून राहिलेल्या अशाच एका फरकाची जबर किंमत मोजली ती अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने. 2012 च्या जुलैअखेरीस तिथल्या एका कर्मचाऱ्याने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. सातांवर चढला, आठव्यावर चढवायचा राहून गेला. दुसऱ्या माणसाने पडताळून पाहावं, अशी लेखी पद्धतच तिथे नव्हती. आठव्या सर्व्हरवर एक जुना कोड पडून होता. त्याचा वापर 2003 साली थांबला होता, पण तो कुणी काढून टाकला नव्हता. त्याला जागं करणारा जो स्विच होता, तोच नव्या कोडने दुसऱ्या कामासाठी वापरायला घेतला. 1 ऑगस्टला सकाळी बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर बेभान ऑर्डरी सोडू लागला. ग्राहकांच्या ऑर्डरी होत्या 212. त्या पुऱ्या करताना 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीचं 46 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोंधळ चालू असताना दोष नव्या कोडचाच असणार असं धरून त्या लोकांनी सातही सर्व्हरवरून तो काढला. म्हणजे जे सात नीट होते, तेही आठव्यासारखे झाले आणि आग आणखी भडकली. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हेच नक्की ठाऊक नसेल, तर माणसं उपाय म्हणून जे करतात त्यानेही घात होतो.

तालीम प्रयोगासारखी नसली की काय होतं, ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेत दिसलं. तिने 2018 च्या एप्रिलमध्ये आपले ग्राहक नव्या प्रणालीवर हलवले, तेव्हा लाखो लोकांना स्वतःचं खातं उघडता येईना. नव्या प्रणालीची दोन डेटा सेंटर होती. भाराची चाचणी घेतली होती एकाच सेंटरवर.

तर करायचं काय? पहिलं आणि सर्वांत मोठं काम हे की सर्व्हर हाताने सजवायचा नाही. कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कुठलं व्हर्जन, कुठली सेटिंग्ज, हे सगळं फाइलमध्ये लिहायचं, ती फाइल कोडसारखीच गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवायची, आणि तिन्ही ठिकाणं त्या फाइलवरूनच उभी करायची. डॉकर, टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल ही साधनं यासाठीच आहेत. लाइव्हवर रात्री काही बदलावंच लागलं, तर सकाळी पहिलं काम ते फाइलमध्ये उतरवण्याचं. टेराफॉर्मला ‘प्लॅन’ ही आज्ञा दिली की त्याने उभ्या केलेल्या गोष्टींपुरतं लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं यांत कुठे तफावत आहे ते समोर येतं. ती रोज रात्री आपोआप चालवा.

दुसरं, लाइव्हसाठी नव्याने बिल्ड करू नका, म्हणजे कोडवरून पॅकेज पुन्हा बनवू नका. टेस्टवर जे पॅकेज पास झालं, नेमकं तेच पुढे न्या. डेटाबेसच्या रचनेतले बदलही क्रमांक दिलेल्या स्क्रिप्टमधूनच झाले पाहिजेत, आणि तिन्हीकडे त्याच क्रमाने.

काही गोष्टी मात्र मुद्दाम वेगळ्या हव्यात. पासवर्ड वेगळे, पेमेंट गेटवे चाचणीचा, आणि टेस्टवरून खऱ्या सभासदाला एसएमएस जाता कामा नये. सर्व्हर आकाराने लहान चालेल, जातकुळी मात्र तीच हवी. लाइव्हचा डेटा जसाच्या तसा टेस्टवर आणण्याची सवय तर मला मुळीच मान्य नाही. माणसांचे आधार क्रमांक, मोबाइल, शिलकी शिकाऊ मुलांच्या लॅपटॉपवर फिरत राहतात, हे बरोबर नाही. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेणाऱ्यांना 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नावं आणि क्रमांक बदलून मगच डेटा घ्या. पण बदललेली नावंही देवनागरीतच असू द्या, जोडाक्षरांसकट, नाहीतर ती दहा प्रश्नचिन्हं टेस्टवर कधी दिसणारच नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेणाऱ्यांना 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या चालकांसाठी. सॉफ्टवेअरवाला ‘आज रात्री अपडेट टाकतो’ म्हणाला, की त्याला विचारा: हे कुठे तपासलं? तिथला डेटाबेस आणि आमचा एकाच व्हर्जनचा आहे का? टाकताना दुसरं कोण पडताळणार? बिघडलं तर मागे कसं येणार, आणि ते मागे येणं करून पाहिलंय का? उत्तरं लेखी घ्या. मार्चअखेर किंवा पगाराचा दिवस असेल, तर तो उलटेपर्यंत, आणि शुक्रवारची संध्याकाळ असेल, तर सोमवारपर्यंत थांबायला सांगा.