कचऱ्यातली भागीदारी

श्रोतेहो, एकवीरेच्या दर्शनाला गेलात म्हणजे शेजारची कार्ल्याची लेणी आपण पाहिलीच असतील. तिथल्या भिंतींवर आणि खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत : कुणी वैजयंतीचा शेठ, कुणी धेनुकाकटचा यवन. काम अनेकांनी मिळून केले. पण कुणी काय दिले, ते दगडात लिहून ठेवले.

आज त्याच डोंगरावर जत्रेनंतर नारळाच्या शेंड्या, फुले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या मागे राहतात. उचलायचे कुणी? “द्या की एखाद्या कंत्राटदाराला!” असे आपण चटकन म्हणतो. पण त्याला पैसे वजनावर मिळणार असतील, तर कचरा जड तितका त्याचा लाभ. मग ओले-सुके वेगळे करून वजन घटवील तो कशाला?

पुण्याने निराळी वाट धरली. कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. संस्थेचे सभासद, बहुतेक बायाच, दारोदार कचरा घेतात. दरमहा घरटी ठराविक रक्कम मिळते, आणि भंगार विकून येणारा पैसा त्यांचाच. उरलेला कचरा पालिकेची गाडी नेते. सुके जितके नीट वेगळे, तितकी वेचणारीची मिळकत वाढते आणि गाडीचा भार घटतो. दोघांचे हित एका दिशेला लागले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. कराराची मुदत संपत आली की या बायांच्या जिवाला घोर लागतो. उद्या हे काम एखाद्या कंपनीकडे गेले, तर वर्षानुवर्षे कचरा वेचून पोट भरणारीने जावे कुठे?

म्हणून ग्रामसभेत करारावर अंगठा उमटण्याआधी चार प्रश्न विचारा. पैसे कशावर मिळणार? भंगार कुणाचे? आज कचरा वेचतात त्यांना काम राहील ना? मुदत संपल्यावर काय?

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, पाचवा प्रश्न मुलांना घालून द्या : आमच्या घरचा वाटा कोणता? ओले-सुके घरातच वेगळे करावे, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितले. ओल्याला परसातला खताचा खड्डा आहेच.

भागीदारी जरूर करा. पण कार्ल्याच्या त्या दात्यांसारखा ज्याचा त्याचा वाटा आधी लिहून ठेवा.