गांजाचें झाड आणि कायद्याचा तराजू

कोल्हापूरच्या तालमींत मेहनत संपली कीं थंडाई घोटली जाते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरीं यांचें तें पेय पैलवानाच्या खुराकाचा भाग; नशेशीं त्याचा संबंध नाहीं. काशीकडे मात्र थंडाई म्हटली कीं पुष्कळांस भांगेची गोळी आठवते. परंतु या कुंडींतली खसखस तरी कोठून आली? अफूच्या बोंडांतून. बोंडाचा चीक परवान्यावांचून बाळगणें हा गुन्हा, आणि त्याच बोंडांतलें बीं वाण्याच्या दुकानीं उघड मिळतें. एका झाडाचे भाग पाडून प्रत्येकास निराळा न्याय लावण्याची ही रीत भारतानें गांजाच्या झाडासही लाविली आहे.

१९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानें व बीं त्यांत येत नाहींत. पानांची भांग त्यामुळें या व्याख्येंतून सुटली व राज्यांच्या हातीं राहिली. उत्तर प्रदेशांत तिचीं सरकारी परवान्याचीं दुकानें आहेत. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही लागू होतो.

ही व्याख्या दिल्लीस स्वतंत्रपणें सुचलेली नव्हे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारांत ती जवळजवळ अशीच आहे. औषधावांचूनचा वापर २५ वर्षांत बंद करावा, अशीही अट त्यांत होती. वास्तविक याच देशांत १८९३ सालीं नेमलेल्या कमिशननें ११९३ साक्षीदार तपासून निराळा निर्णय दिला होता: बेतानें केलेल्या सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिरेक घातक, सबब बंदी नको, कर व परवाना असावा. इतक्या कष्टानें जमविलेला पुरावा पुढें कपाटांतच राहिला, असें म्हणणें भाग आहे.

इतर राष्ट्रें झाडाचे भाग न पाहतां माणूस आणि वजन पाहतात. उरुग्वेनें २०१३ मध्यें लागवड व विक्री सरकारी नियंत्रणाखालीं आणली. कॅनडानें २०१८ मध्यें प्रौढांस ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगण्याची मोकळीक दिली. जर्मनीनें २०२४ मध्यें २५ ग्रॅमची. थायलंडनें २०२२ मध्यें बंधन काढलें आणि २०२५ मध्यें वैद्यकीय चिठ्ठीची अट पुन्हां घातली. हॉलंडची तऱ्हा तर मौजेची. तेथें गिऱ्हाइकास ५ ग्रॅम विकण्याकडे सरकार कानाडोळा करतें, पण दुकानदारानें तो माल विकत आणणें मात्र गुन्हा! आतां कांहीं नगरांत देखरेखीखालच्या लागवडीचा प्रयोग चालू आहे.

भारतांतही वजन आहेच, पण तें शिक्षेसाठीं. गांजा १ किलोपर्यंत असल्यास कैद फार तर एक वर्ष. २० किलोंहून अधिक भरला तर दहा वर्षांहून कमी नाहीं, आणि जामीन अत्यंत कठीण. येथेंच व्याख्या आणि तराजू यांची गांठ पडते. पोत्यांत शेंडे असतात, तशाच फांद्या, देठ, पानें व बियाही असतात. पोतें एकत्र तोललें तर २२ किलो भरतें; निवडून तोललें तर कदाचित् निम्मेंही भरणार नाहीं. निवडून तोलावें कीं एकत्र, हा प्रश्न जामिनाच्या अर्जांतून उच्च न्यायालयांपुढें पुनःपुन्हां आला आहे, व न्यायाधीशांचें त्यावर एकमत झालेलें नाहीं. तोंपर्यंत पोत्याबरोबर सांपडलेला हमाल वा गाडीवान तुरुंगांत असतो, आणि मालखान्यांतला हिरवा पाला वाळून त्याचें वजन दिवसेंदिवस उतरत असतें.