दोन वर्षांची तंत्रपदविका : खर्च, परतावा आणि ग्रामीण कुटुंबाचा निर्णय

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या किंवा बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि एरवी तीन वर्षांचा असणारा हा अभ्यासक्रम त्याच्यापुरता दोन वर्षांचा होतो. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावातील कुटुंबांसाठी हा मार्ग दूरचा नाही. रांजणगावची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे, तर शेजारच्या आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा दोन्ही संस्था आहेत. या दोन वर्षांचा खर्च आणि परतावा कसा मोजावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

पदविकाधारकाचे स्थान कुशल कामगार आणि पदवीधर अभियंता यांच्या मधले असते. आराखडा वाचणे, मोजमाप तपासणे, यंत्रातील बिघाडाचे कारण शोधणे आणि पाळीतील कामावर देखरेख ठेवणे ही त्याची मुख्य कामे होत. या मधल्या फळीची गरज जुनी आहे. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी वर्गही सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत याच हेतूने काढला गेला होता.

शिक्षणावरील खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याचा विचार थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये सविस्तर मांडला. माणसाच्या अंगी असलेले ज्ञान व कौशल्य म्हणजे 'मानवी भांडवल', आणि ते मिळवताना जी कमाई सोडावी लागते ती 'संधी-खर्च', अशा या विचारातील दोन मूलभूत संज्ञा आहेत. घरोघरी हिशेब होतो तो बहुधा शुल्क, वसतिगृह, पुस्तके आणि एसटीचा पास यांचा. परंतु त्याच दोन वर्षांत मुलाने कारखान्यात मिळवली असती ती मजुरी, किंवा त्याच्या जागी शेतावर लावावा लागलेला गडी, हा खर्च वहीत येतच नाही.

उदाहरणापुरते आकडे धरू. शिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च वर्षाला ६०,००० रुपये आणि सोडावी लागलेली मजुरी महिन्याला १२,००० रुपये मानली, तर दोन वर्षांत पहिल्याचे १,२०,००० आणि दुसरीचे २,८८,००० असे एकूण ४,०८,००० रुपये होतात, म्हणजे मोठा वाटा शुल्काचा नसून बुडालेल्या मजुरीचा आहे. पदविकेमुळे महिन्याला ८,००० रुपये अधिक मिळाले, तर व्याज न धरता ही रक्कम सव्वाचार वर्षांत भरून निघते; वाढ ५,००० रुपयांची असेल तर जवळजवळ सात वर्षे लागतात, आणि ती २,५०० रुपयांचीच असेल तर साडेतेरा वर्षांहून अधिक. येथे मोजायचा आहे तो पूर्ण पगार नव्हे, तर पदविका नसती तर जे मिळाले असते त्याहून मिळणारे अधिकचे उत्पन्न.

खर्चाची बाजू हलकी करणारी साधने उपलब्ध आहेत. शासकीय तंत्रनिकेतनातील शुल्क खासगी संस्थेच्या मानाने बरेच कमी असते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना पात्र कुटुंबांना आधार देतात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही. मात्र हप्ते नंतर सुरू होत असले तरी शिक्षणाच्या काळातही व्याज चढत राहते, हे कर्ज काढतानाच ध्यानात घेतले पाहिजे.

परताव्याची सुरुवात बहुधा शिकाऊ उमेदवारीने होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांत २०१९ च्या दुरुस्तीने पदविकाधारकाचे किमान विद्यावेतन महिन्याला ८,००० रुपये ठरवले गेले, म्हणजे वरील उदाहरणातल्या मजुरीहूनही कमी. पहिल्या वर्षाच्या मिळकतीवरून पदविका वाया गेली असा निष्कर्ष काढणे त्यामुळे घाईचे ठरते. दुसरा लाभ पुढच्या वाटेचा आहे : पदविकाधारकाला पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि तो तीन वर्षांत अभियंता होऊ शकतो.

खरा धोका शिक्षण अर्धवट सुटण्याचा आहे, कारण तेव्हा खर्च अंगावर पडतो आणि प्रमाणपत्र मात्र हाती येत नाही. आयटीआयमधून आलेल्या मुलाचा हात यंत्रावर बसलेला असतो, परंतु पहिल्या वर्षाचे गणित त्याने शिकलेले नसते. बारावीतून आलेल्याची स्थिती बहुतेक याच्या उलट असते. प्रवेशापूर्वीच्या सुटीत ही उणीव भरून काढणे हा सर्व उपायांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी उपाय होय.

परतावा केवळ नोकरीतूनच मिळतो असेही नाही. शिरूर तालुक्यातीलच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हाताने काम करत शिकण्याला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. तंत्रज्ञानाचा उपयोग नोकरीपुरता नसून पंप, वेल्डिंग, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशा गावातल्याच गरजा त्यातून भागू शकतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. म्हणून दोन वर्षांची पदविका घ्यावी की नाही याचे उत्तर सर्वांसाठी एकच असू शकत नाही. ज्या संस्थेत कार्यशाळा खरोखर चालते, ज्या शाखेला परिसरात काम आहे आणि ज्या विद्यार्थ्याने गणिताची तयारी केली आहे, तेथे ही गुंतवणूक योग्य आहे. या तिन्हींपैकी एकाचीही खात्री नसताना केवळ नावापुढे पदविका लागावी म्हणून कर्ज काढणे कुटुंबाच्या हिताचे नाही. ही चौकशी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन, माजी विद्यार्थ्यांना विचारून पालकांनी करावी, आणि शाळेने व ग्रामपंचायतीने त्यांना या कामी साहाय्य करावे.